फाटकाआडची नदी

शौनकचं वागणं मनुबाईला पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. बायामाणसं डोक्यावर गोधड्यांची गाठोडी घेऊन नदीला निघालेली, आणि हा गडी आपल्या नव्या बंगल्याच्या ओट्यावर चहाचा कप धरून गालातल्या गालात हसत उभा! घट बसायला चार दिवस राहिलेले. घरोघरी अंथरुणं-पांघरुणं धुवायची धांदल. आणि मनुबाई नवी नवरी होऊन आली तेव्हापासून ज्या वाटेनं नदीला जात होती, त्या वाटेवर आता लोखंडी फाटक. फाटकाला हे एवढं कुलूप.

"दार उघडा," अंकिता म्हणाली.

अंकिता ही मनुबाईची सून. मनुबाईचा लेक फौजेत होता. बर्फात गाडी दरीत गेली आणि तो तिरंग्यातून घरी आला, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात या दोघीच. पोरगी कामाला वाघीण, पण हसणं विसरलेली.

"ही खासगी जागा आहे," शौनक म्हणाला.

"जागा तुमची असंल. नदी कुनाची?"

"नदी... सरकारची असावी."

"मग सरकारला काय सांगायचं ते आमी सांगू. तुमी कुलूप काढा. मान मोडायला आली."

तो पुन्हा हसला—पण किल्ली आणायला गेला.

बरं, फाटक उघडून निमूट घरात जाईल तर कशाचा! आला मागोमाग घाटावर. मनुबाईची जाऊ बनुबाई तिथं सुजलं मनगट चोळत बसली होती. भिजलेली गोधडी एकट्यानं पिळवत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात. बनुबाईची जीभ काही सुजलेली नव्हती.

"आवं बंगलेवाले, बघताय काय? धरा की ते टोक!"

त्यानं धरलं. अंकिता पिळायला लागली, तोही पिळायला लागला... आणि गोधडी दोघांच्या मध्ये नुसती गरागरा फिरली. पाण्याचा थेंब निघेना. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"मी फिरवते तिकडंच काय फिरवताय? उलट पिळा."

"भांडणातही उलट, कामातही उलट?"

"मग? त्याबिगर पानी निघतंय व्हय?"

त्यानं उलट पीळ दिला. गोधडी जसजशी आवळते तसतशी ती आखडते, आणि दोन्ही टोकांची माणसं एकेक पाऊल पुढं ओढली जातात. अंकिताला हे ठाऊक होतं. त्याला नव्हतं. बघता बघता दोघांत हातभर अंतर उरलं, आणि पाण्याची धार थेट त्याच्या पांढऱ्या बुटांवर पडली. त्यानं बूट हलवले नाहीत. तो तिच्याकडंच बघत राहिला...

अंकिता हसली. अगदी मोकळं, मान मागं टाकून.

मनुबाईचा धोपटणारा हात तिथंच थांबला. पोराला चार शब्द सुनवायला तिनं तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटून घेतलं.

शौनकचे वडील विष्णुपंत सांगलीचे मोठे ठेकेदार. ते शनिवार-रविवारी यायचे, तेव्हा फाटक बंद. एरवी शौनक एकटाच बंगल्यात कॉम्प्युटरवर कामं करायचा, तेव्हा फाटक उघडं. आणि त्या हिवाळ्यात अंकिताचे कपडे फारच मळायला लागले.

"रोज काय गं धुनं तुझं?"

"कारखान्याच्या ट्रॅक्टरांची लय धूळ उडती, आत्या," ती दुसरीकडं बघत म्हणायची.

मनुबाई दूर बसून राख लावून तांब्या घासायची. कान मात्र इकडं.

"जागा बघायला आलो ना, तेव्हा आम्ही याच वाटेनं नदीवर आलो होतो," शौनक एकदा म्हणाला. "पायऱ्या केवढ्या झिजलेल्या! मी बाबांना म्हटलं पण... किती बायका गेल्या असतील इथून."

"मग कुलूप का घातलं?"

"बाबा ऐकत नाहीत कुणाचं."

"तुमी कधी मोठ्यानं सांगून बघितलं?"

त्यानं एक खडा उचलून पाण्यात टाकला. तिनं ओंजळभर पाणी त्याच्या अंगावर उडवलं आणि विषय तिथंच वाहून गेला. गावात कुजबुज सुरू झाली, तेव्हा मनुबाईनं पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझी सून हाय. तिचं बघायला मी अजून जित्ती हाय."

उन्हाळ्यात विष्णुपंत कायमचे राहायला आले. नवं कुलूप, वर एक राखणदार. शौनक गच्चीवर दिसायचा, खाली मान घालून. बाया मग खालच्या अंगाला जायला लागल्या, जिथं वाळू उपसून उपसून नदीत खड्डे पडले होते. बनुबाईचा पाय तिथल्याच खड्ड्यात गेला. भिजलेली गोधडी अंगाला गुंडाळली ती सुटलीच नाही. बनुबाईचं प्रेत वर काढलं तेव्हाही गोधडीचं टोक मुठीत होतं.

मग वाट मोकळी करा म्हणून गावानं अर्ज केला, आणि तहसीलदार जागा बघायला आले. फाटकापाशी सगळा गाव गोळा.

"इथं वाट कधीच नव्हती. झाडोरा होता नुसता," विष्णुपंत म्हणाले.

नकाशातही पायवाट नव्हती. "गावकरी वाट होती असंच म्हणणार," साहेब म्हणाले, आणि शौनककडं वळले. "जागा घेताना तुम्ही होता ना? काय होतं इथं?"

अंकिता त्याच्याकडं बघत होती. विनवत नव्हती. नुसती वाट बघत होती...

त्यानं वडिलांकडं पाहिलं. "मी—मी नीट लक्ष दिलं नव्हतं."

बनुबाईचा नवरा, गुंडाभावजी, जागच्या जागी मटकन खाली बसला. साहेब गाडीत बसून निघून गेले. फाटक तसंच राहिलं.

दिवस मावळताना शौनक मनुबाईच्या अंगणात आला. डोळे सुजलेले.

"मला अंकिताशी लग्न करायचंय. पुण्याला नेतो तिला. बाबांचं काही नको मला."

"मग साहेबापुढं का बोलला न्हाईस?"

"वडिलांना चारचौघांत खोटं पाडायचं... जमलं नाही. पण ते वाटेचं वेगळं आहे ना, आमचं वेगळं."

मनुबाईनं दाराकडं बघितलं. अंकिता चौकटीला टेकून उभी होती.

"आत्या, तुमीच सांगा. माझ्यानं बोलवनार न्हाई."

"आदी तुझ्या मनात काय हाय ते कळू दे."

अंकितानं त्याच्याकडं पाहिलं—खूप वेळ, जणू त्याचा चेहरा पाठ करून ठेवायचा होता. मग मान हलवली. नाही. आणि ती आत गेली.

मनुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"पोरा, तिचा जीव हाय तुझ्यावर. मी आंधळी न्हाई. तू मागशील तर तुला द्यायची, आनि आपन एकटीनं राहायचं, हे मी मनात कवाच ठरवलं हुतं. पन आज तिच्यादेखत तुला एक खरं बोलायचं हुतं, तेबी जमलं न्हाई. मेलेल्या नवऱ्याची बायको म्हनून ती गावात मान वर करून चालती. तुझी बायको झाली, तर गुंडाभावजींच्या दारावरनं जाताना तिला जलमभर खाली बघायला लागंल. तशी मी तिला देनार न्हाई. जा."