हलकी पिशवी

तांदळाचं दहा किलोचं एकच पोतं उरलं होतं आणि त्याला दोन हात लागले होते. एक माझा. दुसरा कुणाचा ते बघायला मी मान वर केली, तर त्या हाताच्या मालकानं आधीच हसायला सुरुवात केली होती.

फुकट हसणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही.

"तुम्ही आधी धरलंत," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"पण मी आधी बघितलं होतं."

"बघणं फुकट असतं. धरलं की घ्यावं लागतं."

हे बोलायला मी बोलले खरी, पण माझ्या बटव्यात त्या दिवशी पोत्याचे पैसे नव्हते. घाऊक किराण्याच्या त्या दुकानात पोतं चांगलंच स्वस्त पडायचं, म्हणून मी ते धरून उभी होते. निव्वळ ऐटीत.

"निम्मं-निम्मं करू या?" त्यानं विचारलं.

याला कसं कळलं? हा पहिला संशय.

"घरी माणसं किती?" मी विचारलं.

"का?"

"एकट्या पुरुषाला पाच किलो तांदूळ कशाला लागेल? नेऊन विकणारे असतात."

"मी… आणि आई."

"आणि काम?"

"दुकानांचे काटे दुरुस्त करतो."

"म्हणजे बिघडवायचेही कळत असतील."

"कळतात की. दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते."

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण ते मी ठेवून दिलं.

वाटणीचा आमच्या घरचा नियम आत्याचा. एकानं वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. त्यामुळे वाटे करणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. मी दुकानाच्या पायरीवर बसून दोन कापडी पिशव्या भरल्या आणि शिवणातल्या उरलेल्या पट्ट्यांनी त्यांची तोंडं बांधली. त्यानं दोन्ही हातांत एकेक पिशवी धरली, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाला, "ही हलकी आहे."

आणि तीच घेऊन गेला.

घरी येऊन मी माझी पिशवी तोलली. खरंच साठ ग्रॅम जास्त होती. काट्यावरून पिशवी उतरवून ठेवीपर्यंत मला आनंद होता, आणि मग विचार आला, की ज्याच्या हाताला साठ ग्रॅम कळतात, तो माणूस कमी का घेतो?

माझं सांगायचं तर मी जुने कपडे उसवून लहान-मोठे करून देणाऱ्या दुकानात शिवायला बसते. तेव्हाही बसायची. आई-बाबा गेल्यापासून घर माझ्या हाती, आणि घरात आम्ही तिघी: मी, आत्या आणि नर्सिंग शिकणारी धाकटी. मी भाजी बाजार उठायच्या वेळी घ्यायची. दाण्यांच्या तुकड्यांना दाणेच समजायची. बटाटा सोलायच्या ऐवजी घासायची. यादीत नसलेल्या वस्तूकडे दुकानात बघायचंसुद्धा नाही, असा माझा दंडक होता. धाकटी मला तपासनीस म्हणायची, कारण साखरेच्या डब्यात चमचा कुठल्या कुशीवर झोपलाय यावरून कुणी चोरून खाल्ली ते मी सांगायची.

तर तपासनिसांनी तपास सुरू केला.

दर दुसऱ्या शनिवारी आम्ही भेटायचो. तांदूळ झाला की डाळ, मग कांदे-बटाटे, मग साबणाची पेटी. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम एका पिशवीत पाव किलो डाळ कमी भरली. त्यानं तीच उचलली. पाचव्या खेपेला लाज सोडली आणि अर्धा किलो कमी केला. बाहेर रिमझिम चालू होती, आम्ही दोघं दुकानाच्या पत्र्याखाली अंग चोरून उभे. त्यानं पिशव्या हातात जरा जास्तच वेळ धरल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"आज हात थरथरत होता का तुमचा?"

"नाही."

"मग बरं. मला वाटलं बरं नाही तुम्हाला."

आणि हलकी घेऊन गेला. पत्र्याखालून बाहेर पडताना त्याच्या खांद्यावर पावसाची अख्खी धार पडली, तरी पिशवी त्यानं शर्टाच्या आत घेतलेली मी पाहिली.

मग मी हलक्या पिशवीत मुद्दाम कोंब आलेले कांदे भरून बघितले. तेही नेले. मला फायदा होत होता आणि माझी झोप उडाली होती.

"कमी घेणारा माणूस एक तर संत असतो," आत्या वाती वळाव्यात तशी शांतपणे लसूण सोलत म्हणाली, "नाही तर त्याचं दुसरीकडे काहीतरी चालू असतं. आणि संत काटे दुरुस्त करत नाहीत."

"तिसरी शक्यता आहे ना, आत्या," धाकटी म्हणाली.

"कोणती गं?"

"तपासनिसांना विचार. कान बघ कसे लाल झालेत."

"गरम होतंय," मी म्हटलं. खिडकी उघडीच होती.

गोची अशी, की मला त्याच्याबद्दल संशय होता, पण त्याच्या आईबद्दल नव्हता. "आई म्हणते," असं म्हणून तो काहीतरी सांगायचा आणि मी कानात प्राण आणून ऐकायची. आई म्हणते, तेलाची पिशवी रिकामी झाली असं कधी मानू नये, कात्रीनं उघडून तिच्यावर पोळी फिरवावी. आई म्हणते, साबणाचे तुकडे जुन्या मोज्यात भरावे. आई म्हणते, बाजारात भरल्या पोटी जावं, भुकेलं माणूस डोळ्यांनी खरेदी करतं.

"त्यांना सांगा, मोज्याला वरून गाठ नको, टाका घाला," मी निरोप धाडायची. पुढच्या खेपेला उत्तर यायचं, "आई म्हणते, टाक्याला दोरा लागतो. गाठ फुकट."

कधी नव्हे ते कुणीतरी मला काटकसरीत हरवत होतं. त्यांचे दात दुखतात असं तो एकदा म्हणाला, तेव्हापासून पिकलेले मऊ टोमॅटो मी त्याच्या पिशवीसोबत वेगळे देऊ लागले. पुढे दुकानात उरलेल्या चिंध्यांतून मी त्यांच्यासाठी एक आत अस्तर असलेली बंडी शिवायला घेतली. माप हवं होतं.

"आईचे खांदे केवढे?"

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग स्वतःच्या छातीजवळ हात नेऊन म्हणाला, "इथवर यायची… येते ती माझ्या. बारीक आहे."

तो अडखळलेला मी ऐकला. पण तेव्हा बंडीच्या कापडाचा विचार डोक्यात होता. तपासनीस एकदाच गाफील राहिल्या.

अठराव्या खेपेच्या आदल्या दिवशी मी डाळीचा भाव विचारायला दुकानात गेले, तर गल्ल्यावर दुकानदारीणबाई होत्या.

"आज जोडीदार नाही आला?"

"जोडीदार नाहीत ते. वाटेकरी आहेत."

"तेच ते."

"त्यांच्या आईचे दात दुखतायत," मी विषय बदलायला म्हटलं. "घरीच असतील."

बाईंनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "त्याची आई? तिला जाऊन तीन वर्षं झाली की. आमचंच गिऱ्हाईक होती, फार गोड बाई. एकटाच राहतो तो. जेवतो पण वर्कशॉपच्या कँटीनमध्ये. एवढा माल कशाला नेतो, देव जाणे."

तीन वर्षं. आणि मागच्याच खेपेला त्या बाईंनी मला निरोप पाठवला होता, की आल्याच्या साली फेकू नकोस, चहात टाकत जा.

घरी परतताना मी रस्ता चुकले. फसवणूक मला नवीन नव्हती. वजनात कुणी मारलं, तर ते महिनाभर हात आखडून भरून काढता येतं. पण त्या शनिवारांवर मी अलीकडे जगायला लागले होते. मंगळवारपासूनच ब्लाउज इस्त्रीला काढायची. हा माणूस लबाड निघाला, तर तांदूळ महाग पडेल एवढंच नव्हतं. शनिवार जाणार होते, तो जाणार होता, आणि जी कधी भेटलीच नाही ती बाईही जाणार होती. पस्तिशीला आलेल्या माणसानं एवढं सगळं एका पायरीवर मांडायचं नसतं.

रविवारी दुपारी दुकानदारीणबाईंना पत्ता विचारून, बंडी पिशवीत घालून मी त्याच्या खोलीवर गेले. शनिवारी मुद्दाम गेलेच नव्हते. जिना तिसऱ्या मजल्याला संपत होता. दार उघडंच होतं. खिडकीपाशी उघडून ठेवलेले काटे, टेबलावर पितळी वजनं ओळीनं, आणि तो पाठमोरा, एका तराजूच्या दांडीवर वाकलेला.

"आईंना भेटायला आले," मी म्हटलं.

त्याच्या हातातली पकड खाली पडली.

मी त्याच्याकडे बघत नव्हते. मी भिंतीकडे बघत होते. भिंतीला फळ्या होत्या आणि फळ्यांवर माझ्या पिशव्या. पहिल्या शनिवारची निळ्या पट्टीची. पावसातली पिवळ्या पट्टीची. डाळी, तांदूळ, साखर… माझ्या हातच्या गाठी, एकही न सुटलेली. आणि निळ्या पट्टीच्या पिशवीवरून एक काळा किडा रमतगमत चालला होता.

"आठ महिन्यांचा तांदूळ," मी म्हणाले. "किडे पडले त्याला."

"मी सांगणार होतो…"

"कुणाला? किड्यांना?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, घरी किती माणसं. एक म्हटलं असतं, तर वाटून घेतलं असतंत?"

"नसतं."

"म्हणून म्हटलं, आई. आणि मग तुम्ही तिची चौकशी करायला लागलात. दात कसे आहेत विचारलंत. तीन वर्षांत तिचं कुणी काही विचारलं नव्हतं हो." त्यानं पडलेली पकड उचलली. "ती जे म्हणते असं सांगितलं, ते सगळं ती म्हणायचीच. त्यात मी माझं काही घातलं नाही."

"मोज्याचं?"

"खरं."

"आल्याच्या सालींचं?"

"तेही."

"टाक्याला दोरा लागतो, गाठ फुकट?"

त्यानं मान खाली घातली. "ते… ते माझं. पण ती हेच म्हणाली असती."

मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता, त्यामुळे मी रागाला पुढे केलं. "आणि हलकी पिशवी का घ्यायचास?"

'अहो-जाहो' कधी गळून पडलं ते मला कळलं नाही. त्याला कळलं, कारण त्यानं मान वर केली.

"खाणारी माणसं तुमच्या घरी होती. माझ्या इथं तर नुसतं साठायचं. जास्त नेऊन काय करू?"

"म्हणजे माझी कीव केलीस."

"कीव?" तो पहिल्यांदा चिडला. "अर्धा किलो कमी भरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचात तुम्ही. त्या बघण्यासाठी मी रिकामी पिशवीसुद्धा नेली असती."

मी बंडी काढून टेबलावर ठेवली. त्यानं तिला हात लावला, अस्तर उलटून टाके पाहिले. मग कपाट उघडून ती आईच्या कपड्यांवर नीट घडी करून ठेवली. त्या वेळी मी काही तपासलं नाही.

मग मी चादर मागितली. गच्चीत उन्हात तांदूळ पसरला आणि दोघं समोरासमोर किडे निवडत बसलो. तांदूळ वाचला. डाळीतली अर्धी वाचली. कोंब आलेल्या कांद्यांकडे मी बघायचंच टाळलं.

"स्वयंपाक येतो का काही?" मी विचारलं.

"चहा."

"आईनं शिकवलं नाही?"

"ती म्हणायची… खरंच म्हणायची, शप्पथ… की तू हात लावलास की तेल दुप्पट लागतं."

त्याच्या खोलीत भांडी स्वच्छ होती, पुसून पालथी घातलेली. मी एक पातेलं सुलटं केलं, सर्वांत जुनी डाळ धुतली, गॅसवर चढवली. उकळी आली तसा गॅस बंद केला, झाकण घातलं आणि वर त्याचा जाड टॉवेल गुंडाळला.

"झाली?" तो म्हणाला.

"नाही. आपल्या वाफेवर शिजते. गॅस कशाला जाळायचा? वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही."

"आणि तोपर्यंत काय करायचं?"

"खरं बोलायचं."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. आधी बोटांशी खेळला, मग बोलला. दुकानात पोत्याला हात लावला तेव्हा त्याला तांदूळ नको होता. आईच्या जाण्यानंतर दर महिन्याला एकदा तो दुकानात नुसता जाऊन उभा राहायचा, वास घ्यायला. त्या दिवशी एका बाईनं बटवा चाचपून पाहिला आणि मान ताठ करून पोतं धरलं, ते त्यानं पाहिलं. निम्मं-निम्मं म्हणण्याआधी त्यानं ते दोनदा मनात घोकलं होतं. कँटीनमध्ये शनिवारी त्याला जेवण जात नाही.

"आणि अजून?" मी म्हणाले.

"अजून… मला वाटणी नको आहे आता. एकाच घरात यावं सगळं. तुझ्या घरात चालेल, आत्या आणि धाकटीसकट. माझी खोली लहान आहे."

मी घड्याळाकडे बघितलं. संशयी माणसाला कुठंतरी बघावंच लागतं. वीसची बावीस मिनिटं झाली होती.

झाकण उघडलं, तर डाळ जशीच्या तशी. दाणा बोटांत दाबला, कच्चा. आठ महिन्यांची जुनी डाळ, ती कशाला नुसत्या वाफेला भुलते.

"बिघडली?" त्यानं घाबरून विचारलं. त्याला डाळीचंच विचारायचं होतं असं मला वाटत नाही.

"बिघडली नाही. जुनी आहे, वेळ घेईल."

मी काडी ओढली आणि गॅस पुन्हा पेटवला. एका डाळीला दोनदा गॅस, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. पुढेही झालं नाही. पण त्या दुपारी मी आच मोठी ठेवली, आणि त्याला म्हटलं, "बस. अजून सांग."