चूलबंद आवतन

पिपरीच्या आमच्या लेआउटमध्ये अकरा घरं आहेत. मधोमध ओपन स्पेस, त्यात एक कडुनिंब आणि सिमेंटचे तीन बाक. लेआउटच्या तोंडाशी मोठा रस्ता लागतो आणि संध्याकाळी पाचनंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते. तर्रीपोह्याची गाडी, मोमोची गाडी, शिकवणीतून सुटलेली पोरं, जिमच्या काचेतून येणारी गाणी, वर्ध्याकडं जाणारे ऑटो. मी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये चाळीस वर्षं कापसाच्या धुळीत काढली. इतका उजेड आणि इतका आवाज एका जागी असला की मला बरं वाटतं.

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी ओपन स्पेसमध्ये निखाऱ्यांत भाजून कणकेचे रोडगे करायचे, हे हर्षाच्या दुकानात ठरलं. हर्षा साड्यांना फॉल-पिको करून देते, आणि लेआउटमधलं काहीही ठरायचं तर तिच्या मशीनभोवतीच ठरतं.

“गवऱ्या मी आणतो, रोडगे भाजणंही माह्याकडं,” पुंडलिकराव म्हणाले. ते एसटीत कंडक्टर होते आणि अजूनही सगळ्यांना जागेवर बसवतात. “पण वांगे हर्षानं आणायचे नाई. मांगच्या वेळी आणले ते वांगे होते का बोरं, मले अजून समजलं नाई.”

“सोळा खाल्ले तुम्ही,” हर्षा म्हणाली. “तवा नाई समजलं?”

हा बेत माझ्या नातीसाठी होता. तसं कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. काजल वीस वर्षांची आहे. तिचे आईवडील, म्हणजे माझा मुलगा गजेंद्र आणि सून रीता, अडीच वर्षांपूर्वी जाम गावाच्या अलीकडं हायवेवर गेले. मोटरसायकल होती, मागून ट्रक आला. हिंगणघाटच्या दवाखान्यातून त्यांना परस्पर वेणा नदीच्या स्मशानघाटावर नेलं. घरी आणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यांना जाताना आमच्या घरानं पाहिलंच नाही.

तेव्हापासून काजलचं कॉलेज सुटलं. ती कोणासमोर जेवत नाही. ताट घेऊन आत जाते आणि ताट जवळजवळ तसंच परत येतं. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि जिना चढताना मला दोनदा थांबावं लागतं. माझ्यानंतर तिला या गल्लीतलीच माणसं आहेत. त्यांच्यात बसून तिला चार घास खाता आले पाहिजेत, मी आहे तोवर. माझं एवढंच मागणं होतं.

“ग्रुपवर टाकून देतो,” हर्षा म्हणाली.

मी म्हणालो, मोबाइलवरचं आवतन म्हणजे आवतन नाही. मी दारोदार जाईन.

आमच्याकडं आवतनाचे दोन प्रकार असतात. एक माणशी, घरातून एकानं यायचं. दुसरं चूलबंद; म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या वेळी त्या घरात चूल पेटवायची नाही. आम्ही चूलबंद द्यायचं ठरवलं. गुरुवारी संध्याकाळी धुतलेलं धोतर नेसून मी निघालो. हर्षानं घरांची नावं कागदावर लिहून दिली होती. मी पन्नाशीत वाचायला शिकलो, अजून अक्षरांखाली बोट धरतो. एकेक नाव वाचायचं, दारात उभं राहायचं, हात जोडायचे. लोक हसत होते, पण खूश होते. कोणी चहा पाजला. एका नव्या सुनेनं विचारलं, चूलबंद म्हणजे गॅसही बंद का?

दहा घरं झाली. हर्षा तिच्या फाटकातून ओरडली, “अण्णाजी, एक घर सुटलं ना! नात रुसन तुमची!”

आवतन देणाऱ्यानं स्वतःच्या घराला आवतन द्यायचं नसतं. घर त्याच्या मागून येतंच. आपल्याच दारात परक्यासारखं उभं राहून हाक देऊ नये, असं माझी आई म्हणायची. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण काजल लहान असताना मी असली सोंगं केली की ती पोट धरून हसायची. ते मला त्या वेळी आठवलं.

जाळीचं दार लोटलेलं होतं. मी पायरीखाली उभा राहिलो, हात जोडले आणि आवाज चढवून म्हणालो, “रविवारी सांजच्याले रोडग्याचं जेवण हाय जी. चूलबंद आवतन. घरातल्या समद्याईनं यावं.”

“येतो,” आतून आवाज आला. “समदेच येतो.”

मी हसलो. तेवढ्यात बाहेरच्या जिन्यावर चपला वाजल्या. काजल छतावरून वाळलेले कपडे घेऊन खाली येत होती.

“कोणाशी बोलून राह्यले, आबाजी?”

मी आत गेलो. तीन खोल्यांचं घर. टीव्ही बंद होता. मी स्वयंपाकघर पाहिलं, मोरी पाहिली, पलंगाखालीही पाहिलं. या वयात वाकून पलंगाखाली पाहायची मला लाज वाटली. कोणी नव्हतं. शेजारच्या घरातला आवाज असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण शेजारचं घर पंधरा हात लांब आहे, आणि हा आवाज जाळीच्या लगेच आतून आला होता.

तो गजेंद्रचा नव्हता. रीताचाही नव्हता. ते दोन आवाज मी बाजाराच्या गलक्यातही ओळखले असते. तरी तो घरच्याच माणसाचा होता. ताट वाढलंय, या, असं सांगताना जसा असतो, तसा.

शुक्रवारी काजल सकाळी लवकर उठली. तिनं केस धुतले. दुपारी ती माझ्याशी बोलत बसली. रोडग्यांसोबत वरण पातळ करतील का घट्ट, असलंच काहीतरी. अडीच वर्षांत ती इतकं बोलली नव्हती. मला आनंद झाला हे मी लपवत नाही. मात्र ती पलंगाच्या अगदी काठावर बसली होती, बाकीचा पलंग मोकळा ठेवून. आणि बोलता बोलता मध्येच थांबायची, दुसऱ्या कोणाला बोलू द्यावं तशी. मग मान हलवून पुढं सुरू व्हायची.

शनिवारी मी हर्षाच्या दुकानात गेलो.

“पाहुणे आले का जी तुमच्याकडं?” तिनं विचारलं.

“नाई. काऊन?”

“निरोप आला ना. अण्णाजीच्या घरचे चार पानं धरजो, अण्णाजी वेगळे.”

“कोण आलतं?”

“मी मशीनवर होती, मान खाली. दारातून कोणी बोललं. वर पाह्यलं तर कोणी नाई. मले वाटलं काजल असंन.” तिचा हात मशीनच्या चाकावर थांबला. “काजल नव्हती का?”

“असंन,” मी म्हणालो.

मी खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर बेत मोडला असता, आणि घरी काजल ड्रेसला इस्त्री करत होती. काजल धरून चार. गजेंद्र आणि रीता मी मोजले. चौथं कोण, ते मोजता येईना.

रविवारी तीनलाच पुंडलिकरावांनी गोवऱ्या रचल्या. निखारे झाल्यावर त्यात रोडगे पुरले. वांग्याच्या भाजीचा वास रस्त्यापर्यंत गेला. मोमोवाला गाडी सोडून पाहायला आला, तर पुंडलिकरावांनी त्याला राख उकरायला बसवलं. पोरं बाकांवरून उड्या मारत होती. जिममधली गाणी चालू होती. काजल निळा ड्रेस घालून आली. बायकांनी तिला कांदे चिरायला बोलावलं आणि ती गेली. हर्षानं लांबून माझ्याकडं पाहून डोळे पुसले. कांद्यांमुळं असेल.

साडेसहाला पंगत बसली. सतरंज्या लांब टाकल्या होत्या. काजल कडुनिंबाच्या बाजूला, रांगेच्या मधोमध बसली. तिच्या डावीकडं एका माणसाची जागा मोकळी राहिली, उजवीकडं दोघांची. तिथं कोणी बसलं नाही. बसू नका असं कोणी म्हटलंही नव्हतं. पोरं धावत येत, तिथपर्यंत आली की वळसा घालत आणि पुढं जाऊन बसत.

हर्षाच्या हातात पत्रावळींचा गठ्ठा होता. तिनं त्या तिन्ही जागांवरही एकेक पत्रावळ टाकली. पुंडलिकरावांनी रोडगे फोडून वाढले, त्यावर तुपाची धार धरली. भाजीवाली आली, वरणवाली आली. कोणी थांबलं नाही, कोणी विचारलं नाही. नंतर मी एकेकाला विचारलं. त्या जागांवर वाढल्याचं एकालाही आठवत नव्हतं.

काजल जेवत होती. सगळ्यांसमोर, हातानं रोडगा कुस्करून, वरण ओरपत. डावीकडं वळून तिनं काही सांगितलं आणि हसली. उजवीकडून काही ऐकलं आणि पुन्हा हसली, तोंडात घास असताना. रांगेच्या दोन्ही टोकांची माणसं दूर होती. ती आपापसांत बोलत होती.

मी समोरच्या रांगेत होतो. मला उठून जाता आलं असतं. मी बसून राहिलो. अडीच वर्षांनी ती जेवत होती.

शेजारचा माणूस काही म्हणाला, म्हणून मी क्षणभर मान वळवली. परत पाहिलं तेव्हा तिन्ही पत्रावळी रिकाम्या होत्या. तुपाचा डागही नव्हता. पानं धुऊन ठेवावीत तशी कोरडी होती.

पुंडलिकरावांनी तिथं पुन्हा वाढलं.

पुन्हा रिकाम्या.

तिसऱ्यांदा वाढतानाही त्यांची नजर पुढच्या पानावरच होती. “आज काय भूक लागली रे सगळ्याईले,” ते म्हणाले. “साठ टाकले होते. पुरत नाई.”

बाकीच्या रांगा उठल्या. लोक हात धुवायला गेले. काजल बसून होती.

मी जवळ गेलो. तिथं गारठा होता. निखारे चार हातांवर होते, तरी.

“काजल, उठ बाई. चाल घरी.”

“पंगत उठली नाई अजून, आबाजी.”

मी उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग सतरंजीच्या कडा आपोआप सैल झाल्या, माणूस उठल्यावर होतात तशा. काजल उठली.

घर शंभर पावलांवर आहे. ती माझ्या पुढं चालत होती. वाट रुंद असूनही अंग चोरून.

दारात आल्यावर ती म्हणाली, “उलटं आवतन भेटलं.”

जे आपल्याकडं जेवले, त्यांनी आपल्याला परत बोलवायचं असतं. ती रीतच आहे.

“कोणाकडून?”

“घरच्याईकडून. मंगळवारचं, सांजच्याले.”

“चूलबंद?” मी विचारलं. मला वाटलं, दोघांना असेल तर ठीक आहे. माझं तरी काय राहिलं आहे?

“नाई,” ती म्हणाली. “एकाचंच हाय. माणशी.”

सोमवारी मी हर्षाला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग हसायची थांबली. “काजलले चार दिवस माह्याकडं झोपू द्या,” ती म्हणाली. काजलनं नको म्हटलं. मी म्हणालो, हिंगणघाटला माझ्या बहिणीकडं जाऊ, आत्ताच एसटी आहे.

“चाला ना,” ती शांतपणे म्हणाली. “तथूनही जाता येते.”

रात्र झाल्यावर ती झोपली. मी पायरीखाली उभा राहिलो, हात जोडले. म्हणालो, माझी नात लहान आहे, तिला काही समजत नाही. तिच्याऐवजी मी येतो. एकाचंच असेल तर एकच येतो.

जाळीपाशी कान लावून उभा राहिलो. आतून फक्त काजलच्या श्वासाचा आवाज येत होता.

आज मंगळवार. साडेचार वाजले आहेत. बाहेर पोहेवाल्यानं कढई चढवली आहे, तिचा आवाज येतो. हर्षा दोनदा येऊन गेली. दाराला मी आतून कुलूप घातलं आहे आणि किल्ली माझ्या मुठीत आहे. काजलनं ते पाहिलं. अंघोळ करून तिनं निळा ड्रेस घातला. चेहरा छान दिसतो आहे, भरलेला.

आत्ताच मी स्वयंपाकघरात डोकावून आलो. ती कणीक मळत होती. परातीत माझ्या दोन पोळ्यांपुरतंच पीठ होतं.

“आणि तुले?” मी विचारलं.

“झाकून ठेवतो तुमच्या,” ती म्हणाली. “गरम असतानाच खाऊन घेजा, आबाजी.”