४२,८४३ फरश्या

"मामा, कोपऱ्यात भोक राहिलंय!" टिंगू ओरडला.

वाचनालयाचं नवं चौरस दालन उद्या उघडायचं होतं. सुट्टीला आलेली भिंगरी, तिचा भाऊ गुंड्या आणि शेंडेफळ टिंगू तिथं फरश्या बसवणाऱ्या मामाचा डबा घेऊन आले, तर मामा कपाळाला हात लावून बसलेला! बिस्किटाएवढ्या चौकोनी निळ्या फरश्यांनी जमीन भरली होती, फक्त सहा कमी पडल्या होत्या.

"मी स्वतः मोजून दिल्यात," मुकादम गरजला. "बेचाळीस हजार आठशे त्रेचाळीस! दालनाला बरोब्बर तेवढ्याच लागतात. सहा तू फोडून लपवल्यास."

"एकही फुटली नाही, मुकादम."

"मग काय जमिनीनं गिळल्या? संध्याकाळी दुसरा कारागीर आणतो. शेवटची फरशी तोच बसवेल!"

मामाचा चेहरा पडला. शेवटच्या फरशीखालच्या ओल्या सिमेंटमध्ये कारागिरानं अंगठा उमटवायचा, ही त्यांची जुनी रीत. चार महिने गुडघे मामानं झिजवले आणि अंगठा उमटवणार भलताच! भिंगरीला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तिचं डोकं जोरात चालायचं.

"गुंड्या, एकपासून दहापर्यंत प्रत्येक आकड्याला त्याच आकड्यानं गुण. फक्त शेवटचा अंक सांग."

"सुट्टीत पाढे? देवा! एक, चार, नऊ, सहा, पाच, सहा, नऊ, चार, एक, शून्य."

"यात तीन कुठंय?"

"नाहीच की!"

"कधीच नसतो! आकडा केवढाही मोठा असू दे, गुणाकाराचा शेवटचा अंक ठरतो तो शेवटच्याच अंकांवरून. दालन चौरस, म्हणजे एका ओळीत जेवढ्या फरश्या तेवढ्याच ओळी. मग एकूण आकड्याच्या शेवटी तीन येईलच कसा? मुकादमकाका चुकलेत!"

तिघं रांगत भिंतीकडेच्या फरश्या मोजायला लागली. टिंगू दोनदा मध्येच विसरला आणि त्यानं बोलणी खाल्ली. इकडून दोनशे सात, तिकडूनही दोनशे सात! भिंगरीनं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर खडूनं गुणाकार मांडला.

"बेचाळीस हजार आठशे एकोणपन्नास! म्हणजे त्या सहा मामाला मिळाल्याच नाहीत. मोजणी कुठं झाली होती?"

"मुकादमाच्या खोलीत," मामा म्हणाला.

तिघं धावत सुटली. खोलीतल्या टेबलावर चहाचे सहा पेले होते, आणि प्रत्येक पेल्याखाली एक निळी फरशी!

भिंगरीनं ग्रंथपाल बाईंनाच बोलावून आणलं. मुकादम डोकं खाजवत राहिला.

"टेबलावर डाग पडू नयेत म्हणून घेतल्या होत्या... नंतर खोक्यांत उरल्या त्या मोजल्या. म्हटलं, तेवढ्याच लागत असतील."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" बाई हसल्या. "मुकादम, आधी माफी मागा. आणि पोरांनो, शाब्बास! या दालनातलं पहिलं पुस्तक तुम्हीच न्यायचं."

मुकादमानं हात जोडले. टिंगूनं फरश्यांवरचा चिकट चहा घासून काढला. मामानं पाच फरश्या बसवल्या, सहाव्याच्या जागी ओलं सिमेंट पसरून अंगठा दाबला, आणि हाक मारली, "भिंगरे, इकडे ये."

"मी? पण ही तर कारागिरांची रीत ना?"

"आज मोजणी तूच केलीस की गं!"

मामाच्या रुंद अंगठ्याशेजारी भिंगरीचा इवलासा अंगठा उमटला. मग मामानं हलक्या हातानं त्यावर शेवटची फरशी बसवली.