मंतरलेलं पाणी

"मेली ती!"

कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी मुलगी त्याच्या मोबाइलमध्ये डोकावून असं म्हणाली, तसा सत्यजीत दचकला. निमोण्याचा हा गडी कुरकुंभला केमिकल कारखान्याच्या स्टोअरमध्ये ड्रम रचायचा आणि जाता-येता मोबाइलवर जादूची कथा लिहून ॲपवर टाकायचा.

"कोण मेली?"

"तुमची जलकन्या. तुम्ही लिहिलेला लोण्यासारखा कापला जाणारा चंदेरी धातू म्हणजे सोडियम. पेटल्या सोडियमवर पाणी ओतणार ती? स्फोट होईल!"

"पाणी मंतरलेलं हाय."

"मंतरलं तरी एचटूओच!"

ही राहूची रश्मी, लॅबमधली केमिस्ट. ओढणीला भुर्रकन उडून जाणाऱ्या ॲसिटोनचा वास, कपाळावर आठी. सत्यजीतला दोन्ही आवडलं. वयच तसं होतं.

मग रोज चौफुल्याला चढली की ती त्याच्या जादूची झाडाझडती घ्यायची.

"अग्नी म्हणजे पदार्थ नाही हो, क्रिया आहे. जळायला ऑक्सिजन लागतो. तुमचा तो अग्निवीर—"

"अग्निवीर नका म्हणू. भरतीला गेल्यावानी वाटतं."

"—वाऱ्याशिवाय विझेल."

"व्हय... मी पण," तो खिडकीबाहेर बघत पुटपुटला.

इशारा तिला कळला होता. पण नुसत्या इशाऱ्यांवर माणसानं किती दिवस काढायचे?

एके दिवशी ड्रम उतरवताना सोबतच्या पांडेनं बातमी दिली, "रश्मी मैडम का दहेज पक्का हो गया." सत्यजीतला हिंदी येत होती, हीच अडचण. लग्न ठरलं, वर हुंडाही! जेवणाच्या सुट्टीत त्यानं जलकन्येला जळत्या सोडियमवर पाणी ओतायला लावलं, मारून टाकलं आणि तो भाग ॲपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी रश्मी तणतणतच बसमध्ये चढली.

"मारलीत तिला? का?"

"अभिनंदन. हुंडा मात्र द्यायला नको हुता."

"कसला हुंडा?"

"पांडे म्हणला... दहेज पक्का."

रश्मीनं कपाळावर हात मारला. "अहो, दहेज गाव आहे! गुजरातेत! तिथल्या प्लांटला बदली झालीय माझी. मला जायचं नाहीये, पण साहेब म्हणतात, आज कारण सांगा. काय सांगू? बसमध्ये एकजण चुकीचं रसायनशास्त्र लिहितो, हे?"

"म्हंजी कसंय... वारा जर का लांब गेला, तर आग—"

"जादू बंद! सरळ बोला."

बस कुरकुंभ फाट्याला वळली.

"जाऊ नको."

अहो-जाहो ॲसिटोनसारखं कधी उडालं, त्याला कळलंच नाही. तिला कळलं. कपाळावरची आठी पहिल्यांदाच सैल झाली.

"नाही जात. आधी तिला जिवंत कर."

"कशी? पाणी तर वतलंय..."

"खोड ते! कोरडी वाळू टाकायला लाव. तिनंच विझते ती आग."

नदीकाठच्या शिरूर-दौंडच्या माणसाला वाळूची काय कमी? कंपनीचं गेट यायच्या आत जलकन्या उठून बसली होती.