एक्केचाळिसावं वाक्य

शिकवणीच्या बाईंचा एकच हट्ट होता. रोज एक अवघड इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आणि आपल्या घरातलं एक खरं वाक्य. खोटं वाक्य ध्यानात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. परदेशातल्या इस्पितळात नर्स म्हणून जायचं तर तिला इंग्रजीची परीक्षा पास होणं भाग होतं, म्हणून ड्यूटीवरून आली की ती शब्दांची वही घेऊन बाबांच्या खाटेशी बसायची. तिशी उलटली तरी घरात ती चिमणीच होती.

हे नाव बाबांनीच ठेवलेलं. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की पोस्टमनसुद्धा पत्र टाकून पळ काढायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. आता ती मोठ्याने घोकायची, ते छताकडे बघत ऐकायचे, आणि आई चहाचे तीन कप आणून ठेवायची. आपण परदेशी जाण्याआधी त्यांनी एकदा तरी चिमणी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

चाळिसावा शब्द निघाला लोक्वेशस. म्हणजे खूप बोलणारा. तिचा हात थबकला. मग तिने लिहिलं, ‘माझे बाबा लोक्वेशस आहेत.’ चाळीस वाक्यांतलं हे पहिलं खोटं.

दुसऱ्या संध्याकाळी ती घरात शिरली, तर बाबा बोलत होते. आवाज तोच, जरा घोगरा. शब्द, अर्थ, वाक्य. पुन्हा शब्द, अर्थ, वाक्य. पहिल्या पानापासून, क्रमाने. तिने सवयीने आधी नाडी पाहिली. कधीकधी वाचा परत येते, आणि रोज कानावर पडलेलं आधी बाहेर येतं. कालच्या वाक्याचं काय, बोलाफुलाला गाठ पडली, असं तिने मनाला समजावलं. आनंदाने ती खाटेच्या कडेला बसली.

“बाबा, मला हाक मारा ना.”

ते थांबले नाहीत. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

मग एक्केचाळीस. तो शब्द ती अजून शिकलीच नव्हती.

“बिरेफ्ट,” बाबा म्हणाले. “म्हणजे आपलं माणूस गमावलेला. चिमणी गेल्यापासून हे घर बिरेफ्ट आहे.”

“बाबा, मी इथेच आहे.”

ते छताकडेच बघत होते.

आई चहा घेऊन आली.

“अहो, किती बोलाल? पहिल्यापासून तुम्ही असेच.”

चिमणीने सवयीने कपासाठी हात पुढे केला. ट्रेमध्ये दोनच कप होते.