नळी घालायची घाई

ही गोष्ट कुशाबाची. लालबागला आमच्याच माळ्यावर राहायचा, परळच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय होता. थापा मारणारा माणूस नव्हे, पोरांनो. तेवढी कल्पनाशक्तीच नव्हती त्याच्याकडे.

अठ्ठावन्न साल, डिसेंबरची दहा तारीख, बुधवार. रात्री सव्वादहाला सरोजिनी सिस्टरनं त्याला रक्ताच्या दोन बाटल्या आणायला पिटाळलं. गुणाजी नावाचा गिरणीकामगार संयुक्त महाराष्ट्राच्या सभेहून परतताना रक्त ओकत आला होता. नाडी हाताला लागत नव्हती.

"आधी रक्त चढवू, साहेब. नाडी सुधारली की सकाळी नळी घाला," सिस्टर म्हणाली.

साहेब म्हणजे डॉ. त्रिलोकेकर. विलायतेहून पोटात बघायची लांबलचक दिव्याची नळी आणलेली, आणि नाक तिच्याहून वर.

"सकाळी काय बघू, सुकलेली खपली? तुम्ही बेडपॅन सांभाळा."

कुशाबा बाटल्या घेऊन धावत आला, तेव्हा नळी गुणाजीच्या घशात होती आणि गुणाजी गेला होता. साहेब अजून डोळा लावून बसलेले! समोरचा माणूस मेला ते दिसेना, आणि निघाले जठर बघायला. वर कागदावर लिहिलं, 'रोगी उशिरा आणला.'

बावीस तारखेला, रात्री अकराला, फणसवाडीच्या कमळाबाईंना आणलं. तशाच रक्ताच्या उलट्या. साहेबांची तीच घाई.

"बाटली मागाहून. कुशाबा, डोकं धर."

नळीतून नीट दिसावं म्हणून दिवे मालवले. कुशाबानं बाईंचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. नळी आत गेली. साहेबांनी डोळा लावला.

"हं... लाल... सगळं..."

साहेब थांबले.

"सिस्टर... आतून... कोणीतरी बघतंय..."



मग आवाज आला. पुरुषाचा. बाईंच्या पोटातून.

"त्रिलोकेकर... बाजूला हो. तिला रक्त दे."

बाईंच्या तोंडात नळी होती. जबडा कुशाबाच्या हातात. जबडा जरासुद्धा हलला नव्हता.

साहेब नळी ओढून भिंतीला चिकटले, पालीसारखे. सिस्टरनं रात्रभर रक्त चढवलं. सकाळी, नाडी भरल्यावर, दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे नळी घातली. व्रण सापडला, ऑपरेशन झालं, बाई जगल्या.

साहेब तेव्हापासून काळा चष्मा लावू लागले. रात्रीसुद्धा. दोन वर्षांनी एकदा तोंड धुताना त्यांनी तो काढला, आणि कुशाबानं पाहिलं. उजव्या डोळ्याभोवती नळीच्या तोंडाएवढा गोल, लाल वळ.

साहेबांनी टॉवेलनं चेहरा खसाखसा पुसला...

वळ ओलाच होता.