राखून ठेवलेला डाव

ताई, मंगळवारच्या प्रदर्शनात तुम्ही माझ्या टेबलापाशी थांबून विचारलंत ना, "पंकजाबाई, सागरगोट्यांचा कागद लिहिलाय, पण सागरगोटे कुठायत?" मी म्हणाले, हरवले. खोटं बोलले. पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवतेय, रजिस्टरवरून तुमच्याशी भांडले असेन, पण खोटं कधी बोलले नव्हते. ते टोचत राहिलं, म्हणून आज ऑफिसात सगळ्यांच्या आधी आले. चहा सांगा आणि मधे बोलू नका. मधे टोकलंत तर माझ्याच्यानं पुरं सांगून व्हायचं नाही.

काम साधंच होतं. जुनी खेळणी गोळा करायची आणि प्रत्येकाखाली लिहायचं की हे कुठून आलं. बाभळीचा भोवरा सुतारानं करून दिला, गाडी ज्वारीच्या चिपाडाची, तिची चाकं तुटक्या चपलेची. आमच्या लहानपणी खेळणं विकत आणतात हे कुणाला ठाऊक होतं? सागरगोटेसुद्धा ओढ्याकाठच्या गजग्याचे. काटेरी झुडूप ते, शेंग फोडताना बोटं रक्ताळायची, आणि आत राखाडी गुळगुळीत बिया. त्यावरूनच आमच्या वस्तीचं नाव पडलं गजग्याची वस्ती. शनिवारी मी तिथंच गेले, माहेरी. पर्समध्ये हिंगाची एक जुनी डबी होती. डबीत माझा एकच सागरगोटा.

एकच का, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दसरा झाला की आमची वस्ती रिकामी होते. माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. आता ट्रॅक्टर येतात, तेव्हा बैलगाड्या जायच्या. ज्या पोरींना आईबापांबरोबर जावं लागे त्या निघताना आपले पाच सागरगोटे स्वतःच्या उंबऱ्याच्या डाव्या अंगाला पुरून जात. त्याला आम्ही डाव राखणं म्हणायचो. परत आल्यावर ते उकरायचे आणि खेळ जिथं थांबला असेल तिथून पुढं चालू करायचा. पुरलेल्या खड्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावला तर जाणारीची परतायची वाट मोडते, असं म्हातारी माणसं सांगायची.

बनी माझी मैत्रीण. दोघी नऊ-नऊ वर्षांच्या. तिच्या ओट्यावर आमचा डाव रंगला होता, एक्की झाली, दुक्की झाली, ती तिक्कीला आली आणि तिच्या बापानं गाडी जुंपली. बनीनं खडे पुरले, वर दोनदा पाय आपटला आणि म्हणाली, "पंके, तिक्कीपासून हां. लबाडी करायची न्हाई."

मी लबाडी केली. तिच्यातल्या एका खड्यावर पांढरा ठिपका होता. असा खडा अख्ख्या वस्तीत कुणाकडं नव्हता. आठवडाभर मी मन मारलं, मग एका दुपारी उकरला आणि चारावर माती लोटली.

माघात निरोप आला. बनी तापानं गेली, तिकडंच, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत. शेवटचे आठ दिवस तिनं अन्न सोडलं होतं. तिचे आईबाप पुन्हा वस्तीवर आलेच नाहीत. मी तो खडा कुणाला दाखवला नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. चाळीस वर्षं झाली, ताई. शिकल्या-सवरल्या बाईनं असलं मानू नये, मला कळतं. पण मानते.

तर शनिवारी बारा वाजता वस्तीवर उतरले. दारादारांना कुलपं. कुत्रीसुद्धा माणसांमागं गेलेली. साळूबाईचं दार तेवढं उघडं होतं. साळूबाई माझी लांबची चुलती, सत्तरीची. तिचा मुलगा अजिनाथ आणि सून राजेश्वरी श्रीगोंद्याकडं तोडीला गेलेत. त्यांची सहा वर्षांची ज्ञानेश्वरी यंदा पहिल्यांदा आजीपाशी ठेवलीय, शाळा बुडू नये म्हणून. ठेवा म्हणून मीच त्यांच्या मागं लागले होते.

म्हातारीनं मला बघितलं आणि रडायलाच लागली.

"पंकजा, पोरगी जेवत न्हाई गं. आई गेल्यापून बोलत न्हाई. घोटभर दूध पाजते तेवढंच. कालच्यान तेबी ओकून टाकती. तालुक्याला डॉक्टरला दाखवलं, तो म्हनतो आजार काय न्हाई, आईचा घोर घेतलाय."

"मग राजेश्वरीशी फोनवर बोलायला लाव."

"फोन कानाला लावला की डोळे मिटून घेती. उद्या टेम्पो चाललाय तिकडं. दिते धाडून. माझ्याजवळ पोरीला काय झालं तर त्वांड कुनाला दावू?"

न जेवणारी पोर, थंडीचे दिवस आणि उसाच्या फडातली कोपी. हे मी एकदा ऐकलं होतं, ताई.

"कुठाय ती?"

"त्या पडक्या ओट्यावर. रोज दुपारी तिथंच जाऊन बसती. वढून आनली तर हातपाय झाडती."

पडका ओटा म्हणजे बनीचा. घराचं छप्पर कधीच गेलंय. भिंती कमरेइतक्या, उंबरा आणि ओटा तेवढा शाबूत. मी निघाले. वारा पडलेला, पान हलत नव्हतं. टळटळीत ऊन. आणि वास आला... मळीचा. कारखान्याजवळून एसटी जाते तेव्हा येतो ना, तो गोडसर, आंबूस वास. आमच्या वस्तीच्या आसपास कुठं ऊस नाही हो. हरभऱ्याला पाणी मिळत नाही तिथं ऊस कुठला? मी पदर नाकाला लावला.

मग आवाज ऐकू आला. टक्... खर्र... टक्...

सागरगोट्यांचा. चाळीस वर्षांनी ऐकला तरी हाताच्या बोटांना कळतो.

ज्ञानू ओट्यावर मांडी घालून बसली होती. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले. तिच्यापुढं चार सागरगोटे, मातीनं माखलेले. समोरची जागा रिकामी होती. पण ज्ञानू तिकडं असं बघत होती, जसं आपण समोरच्या भिडूकडं बघतो. आणि तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"ज्ञानू... कुणाशी खेळतीस गं?"

तीन आठवडे न बोललेली पोर. ओठ हलले, आवाज घोगरा निघाला.

"बनीशी."

देवाशपथ सांगते, हेच नाव घेतलं तिनं. हे नाव वस्तीवर कोण घेणार? जी घेऊ शकली असती ती मी, आणि मी तर स्वप्नातसुद्धा घेत नाही.

"काय... काय म्हणती बनी?"

"म्हनती, एक खडा कमी हाय. चारांत डाव व्हत न्हाई." मग समोर बघून ऐकल्यासारखं केलं तिनं आणि मान माझ्याकडं वळवली. "पंकीकडं हाय म्हनती."

खरं सांगू? मला पळायचं होतं. एसटीच्या फाट्यापर्यंत मागं न बघता पळायचं होतं. पण त्या पोरीचे हात बघितले, काडीसारखे. मी पळाले असते तर उद्या ती टेम्पोत बसली असती. मी ओट्यावर चढले आणि बसले. डबी उघडायला पाच-सात हिसके द्यावे लागले.

"बने," मी म्हणाले. बोलताना हुंदका फुटला. "मी चोरला होता गं. लोभ सुटला होता मला. तू परत येशील आणि मला बदडशील, एवढंच वाटलं होतं. तू आलीच नाहीस... बने, घे तुझा खडा. आणि ह्या पोरीला सोड. हिला आईची वाट बघू दे, पण जेवू दे."

पांढऱ्या ठिपक्याचा खडा मी चारांजवळ ठेवला आणि डोळे मिटले. धीर झाला नाही, काय करू?

मग मळीचा वास अगदी तोंडापाशी आला. कुणीतरी जवळ बसल्यावर अंगाची ऊब लागते तशी लागली, तापलेल्या माणसाची. आणि टक्... खर्रर... एक खडा वर गेला, तीन एकदम ओढले गेले, झेल. पुन्हा टक्... उरलेला एक.

तिक्की. ती तिक्कीपासूनच खेळत होती.

डाव पुरा झाला. शेवटचा झेल मी ऐकला. मग हसू ऐकलं. डोळे उघडले तर हसत होती ज्ञानू. ओट्यावर एकही खडा नव्हता.

"ती जिंकली," ज्ञानू म्हणाली. "तुमाला म्हनली, लबाड."

"आणि... आणि काय म्हणली?"

"मला म्हनली, तू जेव. मी तुझ्या आईला बघून येते, तिला सांगते तू जेवली म्हनून." आणि मग लहान पोरं म्हणतात तसं सहज म्हणाली, "मला भूक लागली."

मी तिला उचलून पळत घरी आणलं. साळूबाईनं चूल पेटवली, गरम भाकरी दुधात कुस्करली. पोरगी खात होती, सांडत होती, बडबडत होती. दीड भाकरी खाल्ली तिनं. म्हातारी खाणाऱ्या पोरीचे गाल कुरवाळत होती आणि मी दाराला टेकून रडत होते. इतकं हलकं मला चाळीस वर्षांत वाटलं नव्हतं.

तीन वाजता साळूबाईचा मोबाईल वाजला. राजेश्वरी. म्हातारीला ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर लावलेला.

"आत्याबाई, ज्ञानू जेवली न्हवं? दीड भाकर खाल्ली म्हनं?"

साळूबाईनं माझ्याकडं बघितलं. "तुला कुनी सांगितलं गं?"

"एक पोरगी आल्ती फडात. आसंल नऊ-दहा वर्साची, जुन्या तऱ्हेचं परकर-पोलकं. मला वाटलं दुसऱ्या टोळीतली हाय, कुनाला तरी फोन आला आसंल. मी तिचा हात धरला, म्हनलं पानी पी. आत्याबाई, हात लई तापला हुता तिचा... मी कळशी आनस्तवर उसात शिरली. तेवढं सोडा, ज्ञानूला द्या की फोन."

ज्ञानूनं फोन घेतला आणि डोळे मिटले नाहीत. "आये," म्हणाली, आणि जी सुरू झाली ती राजेश्वरीचा बॅलन्स संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी टेम्पो रिकामा गेला. पोरगी सोमवारपासून शाळेत जातेय. काल मला गुरुजींचा फोन होता, वर्गात फार बोलते म्हणून तक्रार करत होते.

आता सागरगोट्यांचं. रविवारी सकाळी मी पाथर्डीतल्या माझ्या घरापुढं सडा घालत होते. वस्तीपासून चौदा किलोमीटर येतं ते. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला केरसुणी लावली तर माती भुसभुशीत लागली. ताजी उकरलेली. वर लहान पावलाचे दोन ठसे, आपटल्यासारखे. मी बोटांनी माती सारली. पाच होते, ताई. चार मातकट, एक पांढऱ्या ठिपक्याचा. पाचही हाताला ऊन लागत होते, आणि सकाळची थंडी तर तुम्हाला ठाऊकच आहे.

प्रदर्शनासाठी ते बाहेर काढायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी माती सारखी केली, हातानं थापली. खडे पुरून जाते ती परत येते. ही कुठल्या फडात कुणाच्या पोराचा निरोप घेऊन गेलीय कुणास ठाऊक. यायची आहे एवढं नक्की.

चहा गार झाला बघा तुमचा. आणि एक, माझ्या घरी कधी आलात तर उंबऱ्याच्या उजव्या अंगानं आत या. डाव्या बाजूला पाय देऊ नका.